गाण्याखाली नाव कुणाचं?

मागच्या वर्षी जून ते सप्टेंबर मी दर शनिवारी संध्याकाळी एका अभ्यासवर्गाला जात होते. विषय होता रॉक संगीताचा इतिहास आणि त्याचा समाजावर झालेला परिणाम. शनिवारी पाचनंतर मला मोकळं सोडा, असं मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, एखाद्या कायद्याचा वर्ग असेल. विषय कळल्यावर हशा पिकला. एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "अगं, सल्ला केंद्रात केसेसचा ढीग पडलाय आणि तू गिटार ऐकायला चाललीस?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ढीग होताच, आजही आहे. तरीही मी गेले आणि जाऊन चूक केली नाही असं मला वाटतं. का, ते मैत्रिणींसमोर मांडावं म्हणून हा लेख.

सुरुवात झाली आमच्या वस्तीतल्या किशोरी गटापासून. दर बुधवारी आम्ही जमतो, गाण्यानं सुरुवात करतो. एका बुधवारी एक सोळा वर्षांची मुलगी गाईना. विचारलं तर म्हणाली, "ताई, ही गाणी तुमची आहेत. आमची नाहीत." मी थोडी चिडलेच. ही गाणी म्हणत म्हणत आमच्या आधीच्या बायकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, वगैरे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग मोबाइलवर काहीतरी लावून माझ्या कानाशी धरलं. ड्रम, गिटार आणि एक बाई किंचाळल्यासारखी गात होती. शब्द तिलाही कळत नव्हते, मलाही नाही. "हिला राग आलाय, एवढं कळतं," ती म्हणाली.

समाजकार्याच्या एम.ए.ची दोन वर्षं आम्ही गटकार्य शिकलो, समुदाय संघटन शिकलो. 'लोकमाध्यमांचा वापर' असं एक प्रकरणही होतं. पण गाणं येतं कुठून, ते करणारी कोण, त्याचं पुढे काय होतं, पैसे कुणाला मिळतात, हे कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर गाणं म्हणजे आमच्या लेखी सभेला बायका जमेपर्यंत वेळ काढायचं साधन होतं.

वर्गातली पहिलीच गोष्ट सांगते. बारा व्याख्यानांची यादी हातात आली. त्यात नववं व्याख्यान होतं 'स्त्रिया आणि रॉक'. बाकीची अकरा अर्थातच 'रॉक'! आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा हा प्रकार आहे. इतिहास एकीकडे आणि शेवटी स्त्रियांसाठी एक प्रकरण. पण शिकवणारे गृहस्थ प्रामाणिक होते. प्रश्न विचारला की पुस्तक आणून द्यायचे. त्या पुस्तकांतून जे हाती लागलं त्यानं नववं व्याख्यान उचलून पहिल्या जागी ठेवावं लागेल, असं माझं मत झालं.

रॉकचा इतिहास सहसा १९५४-५५च्या सुमारास, एल्व्हिस प्रेस्ली आणि चक बेरी यांच्यापासून सांगतात. पण त्याच्या दहा वर्षं आधी एक काळी बाई हातात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी होती. तिचं नाव सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५चा, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट नावाच्या गावचा. आई चर्चमध्ये गाणारी आणि धर्मोपदेश करत फिरणारी. रोझेटा लहानपणापासून आईबरोबर गात आणि गिटार वाजवत फिरली. १९३८ साली डेक्का कंपनीनं तिच्या गाण्यांच्या तबकड्या काढल्या. देवाची गाणी घेऊन ती नाइट क्लबमध्ये गेली म्हणून चर्चमधले लोक रागावले. १९४५ साली तिचं एक गाणं 'रेस रेकॉर्ड्स'च्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. ही यादी काळ्या लोकांच्या संगीतासाठी वेगळी ठेवलेली होती. वेगळ्या पाणवठ्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. १९४७ साली तिनं एका पोरसवदा मुलाला आपल्या कार्यक्रमाआधी गाताना ऐकलं आणि स्टेजवर बोलावून गायला लावलं. तो मुलगा म्हणजे पुढचा लिटल रिचर्ड, ज्याला आज रॉकच्या जनकांपैकी एक म्हणतात. जनकाला हात धरून वर आणणाऱ्या बाईला काय म्हणायचं, याला शब्दच नाही.

१९७३ साली रोझेटा फिलाडेल्फियात वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. २००८ साली चाहत्यांनी तिच्यासाठी कार्यक्रम केला, त्यातून पैसे उभे राहिले आणि मग दगड लागला. म्हणजे पस्तीस वर्षं ती बिननावाची होती. अमेरिकेत 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' नावाची मानाची संस्था आहे. १९८६ साली तिनं पहिल्यांदा सन्मान दिले, तेव्हा त्या यादीत एकही बाई नव्हती. दुसऱ्या वर्षी अरिथा फ्रँकलिन ही पहिली बाई आली. रोझेटाचं नाव आलं २०१८ साली.

दुसरी गोष्ट बिग मामा थॉर्नटनची. खरं नाव विली मे, जन्म १९२६, अलाबामा राज्यातला. १९५२ साली तिनं 'हाउंड डॉग' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. दारात उभी राहून एक बाई फुकट्या पुरुषाला हाकलून देते, असं ते गाणं. लिहिलं होतं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या तरुणांनी, पण त्यातला दम, हेल, गुरगुरणं सगळं तिचं. १९५३ साली ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तीन वर्षांनी एल्व्हिस प्रेस्लीनं ते गायलं, शब्द बदलून. फुकट्या पुरुष गेला, नुसता कुत्रा उरला. म्हणजे गाण्यातली बाईच काढून टाकली! ती तबकडी लाखोंनी खपली. बिग मामा सांगायची की तिला या गाण्याचे सगळे मिळून पाचशे डॉलर मिळाले.

तिनं स्वतः लिहिलेल्या 'बॉल अँड चेन' या गाण्याचंही तसंच झालं. १९६७ साली जॅनिस जॉप्लिननं ते माँटेरेच्या महोत्सवात गायलं आणि ती एका दिवसात प्रसिद्ध झाली. गाणं कुणाचं हे जॅनिसनं कधी लपवलं नाही. पण त्याचे हक्क आधीच एका छोट्या कंपनीकडे गेले होते, म्हणून पैसा बिग मामाकडे आलाच नाही. १९८४ साली लॉस एंजलिसमधल्या एका बोर्डिंग हाउसमध्ये ती वारली. हॉल ऑफ फेमनं तिची दखल घेतली २०२४ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी.

हे वाचताना मला सारखी विठाबाई नारायणगावकरांची आठवण येत होती. आयुष्यभर फड गाजवणारी, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेलेली ही बाई अखेरच्या काळात आजारपण आणि पैशांची ओढाताण सोसत २००२ साली गेली. आज राज्य सरकार तिच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार चांगलाच आहे. पण बाई हयात असताना तिच्या कलेवर कोण जगलं आणि ती कशावर जगली, हा हिशेब कुणी मांडायचा? शर्मिला रेगे यांनी लावणी, तमाशा आणि आंबेडकरी गाण्यांचा अभ्यास करून आपल्याला हेच दाखवलं होतं की जात, लैंगिकता आणि कला यांचे धागे वेगळे काढून बघता येत नाहीत. अमेरिकेत तिथे वंश येतो, इथे जात. दोन्हीकडे बाईच्या अंगातली कला सगळ्यांना हवी असते, बाई नको असते.

आता कुणी म्हणेल, रॉक म्हणजे बायकांना उघडंवाघडं दाखवणारा, पुरुषी माज मिरवणारा बाजार. त्याचा अभ्यास कशाला? त्यावर टीका करा म्हणजे झालं. माझंही आधी असंच मत होतं. पण टीका कशी करायची हेही या इतिहासातून शिकायला मिळतं. १९७६ साली लॉस एंजलिसमध्ये सनसेट बूलेवार्डवर रोलिंग स्टोन्सच्या 'ब्लॅक अँड ब्लू' या नव्या तबकडीची मोठी जाहिरात लागली. दोरीनं बांधलेली, अंगावर वळ उठलेली बाई आणि आपल्याला हे आवडतं असं तिच्या तोंडी घातलेलं वाक्य. 'स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध स्त्रिया' या अर्थाचं नाव असलेल्या गटानं तिच्यावर लाल रंग फासला, पत्रकार परिषद घेतली आणि फलक उतरवायला लावला. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात असल्या पोस्टरना काळं फासण्याची आंदोलनं झाली, १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदाही झाला.

पण त्या बायका फलक उतरवून थांबल्या नाहीत. आणि त्यांनी सरकारकडे बंदीही मागितली नाही. त्यांनी वॉर्नर, इलेक्ट्रा आणि अ‍ॅटलांटिक या एकाच मालकीच्या तीन कंपन्यांच्या तबकड्यांवर बहिष्कार पुकारला. गावोगावी स्लाइड दाखवून तबकड्यांच्या वेष्टनांवर बाई कशी दाखवतात ते समजावलं, पत्रमोहीम चालवली. डिसेंबर १९७६ला सुरू झालेला बहिष्कार नोव्हेंबर १९७९ला, कंपनीनं वेष्टनांवर आणि जाहिरातींत स्त्रियांवरची हिंसा न वापरण्याचं धोरण जाहीर केल्यावर संपला. तीन वर्षं चिकाटीनं! बंदी मागितली की ती उद्या आपल्यावरच उलटते, हा अनुभव आपल्यालाही आहे. म्हणून या लढ्याची पद्धत मला नीट अभ्यासावीशी वाटते. संगीत आवडणाऱ्या बायकांनीच तो लढवला, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

काहींनी वेगळा रस्ता धरला. शिकागोमध्ये नेओमी वाइस्टाइन नावाची मानसशास्त्रज्ञ होती. पोरीबाळी जे संगीत डोक्यावर घेतात त्यातच त्यांचा अपमान भरलेला असतो, हे तिला सलत होतं. तर मग आपलंच रॉक का नको, असं म्हणून १९७० साली 'शिकागो विमेन्स लिबरेशन रॉक बँड' उभा राहिला. १९७२ साली न्यू हेवनच्या अशाच बँडबरोबर त्यांची तबकडी निघाली, 'माउंटन मूव्हिंग डे'. हे नाव आलं जपानी कवयित्री योसानो अकिको हिच्या कवितेवरून, जी १९११ साली 'सेइतो' या स्त्रियांच्या मासिकाच्या पहिल्या अंकात छापली गेली होती. बायकांच्या एका लहानशा मासिकातली कविता साठ वर्षांनी दुसऱ्या खंडात गिटारवर गायली जाते. आपल्यासारख्या मासिक-त्रैमासिकांसाठी राबणाऱ्यांनी कंटाळा आला की आठवावी अशी ही गोष्ट आहे. शिकागोच्या बँडमध्ये कुणी पुढारी नाही, कुणी स्टार नाही, असं तत्त्व होतं. पण वाइस्टाइन शहर सोडून गेली आणि १९७३ साली बँड मोडला. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

वीस वर्षांनी, १९९१च्या सुमारास, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया या गावातून 'रायट गर्ल' नावाची लाट उठली. 'बिकिनी किल' हा त्यातला प्रमुख बँड. त्याची गायिका कॅथलीन हॅना अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या आधारगृहात काम करत होती. म्हणजे आपल्याच क्षेत्रातली! तिथे ऐकलेलं ती गाण्यात घेऊन गेली. पंक रॉकच्या कार्यक्रमात पुढची जागा धक्काबुक्की करणाऱ्या पुरुषांची असायची. हिनं कार्यक्रम थांबवून पुरुषांना मागे जायला आणि मुलींना पुढे यायला सांगितलं. या मुली आठवड्याला बैठका घ्यायच्या, बलात्काराबद्दल, घरातल्या छळाबद्दल बोलायच्या आणि हातानं लिहून झेरॉक्स काढलेली छोटी छोटी पत्रकं वाटायच्या. आज न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या पत्रकांचा रीतसर संग्रह आहे. आमच्या कार्यालयातली जुनी पत्रकं मात्र माळ्यावर वाळवी खातेय, ते असो.

या लाटेची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. ती बहुतांशी गोऱ्या, शिकलेल्या मुलींची होती. भगिनीभावाच्या गप्पांत काळ्या मुलींचा अनुभव कुठेच नव्हता. म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये तामार-काली, हनीचाइल्ड कोलमन, सिमी स्टोन आणि माया ग्लिक यांनी 'सिस्टा गर्ल रायट' या नावानं आपले वेगळे कार्यक्रम केले. त्याच दशकात, १९९५ साली, इथे महाराष्ट्रात दलित स्त्रियांनी स्वतंत्र संघटना बांधल्या. तेव्हा 'चळवळ फुटते' म्हणून काहींनी नाकं मुरडली होती. तिकडचा इतिहास वाचला म्हणजे इकडचा जरा स्वच्छ दिसतो, तो असा.

गाणाऱ्या बाईच्या जिवाची किंमतही या इतिहासात आहे. सिअॅटलमधली 'द गिट्स' या बँडची गायिका मिया झपाटा १९९३च्या जुलैत रात्री घरी परतताना बलात्कार करून मारली गेली. आरोपी सापडेना. तिच्या मैत्रिणी, बहुतेक कलावंतच, एकत्र आल्या. त्यांनी 'होम अलाइव्ह' नावाचा गट काढला आणि बायकांना स्वसंरक्षण शिकवायला सुरुवात केली. पैशांसाठी बँडनी कार्यक्रम केले, संग्रह काढला. डीएनए तपासणीतून गुन्हेगार सापडून २००४ साली त्याला शिक्षा झाली. रात्री बाहेर पडू नका, असं या गटानं कुणाला सांगितलं नाही. त्यांनी घरी जिवंत पोचायचं शिकवलं.

आणि आपल्या देशात? श्रीनगरच्या तीन शाळकरी मुलींनी 'प्रगाश' नावाचा रॉक बँड काढला. प्रगाश म्हणजे प्रकाश. डिसेंबर २०१२मध्ये त्यांनी एका स्पर्धेत गाणी म्हटली, वाजवली, बक्षीसही मिळवलं. त्यानंतर बलात्काराच्या धमक्या आणि शिव्यांचा भडिमार झाला. फेब्रुवारी २०१३मध्ये तिथल्या मोठ्या मुफ्तींनी फतवा काढला. मुख्यमंत्र्यांनी मुलींची बाजू घेतली, पोलिसांनी गुन्हा नोंदवून काहींना अटकही केली, पण मुलींनी बँड बंद केला. दहावीतल्या मुलींनी आणखी काय करायला हवं होतं? हे काश्मीरातलंच, असं म्हणून हात झटकू नयेत. आमच्या वस्तीत ढोलपथकात जाणाऱ्या मुलीला सरावाहून परतायला नऊ वाजले तर शेजारी काय बोलतात, ते मी ऐकलेलं आहे. घराण्याची अब्रू सगळीकडे पोरीच्याच खांद्यावर.

इथवर मी दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता माझा सांगते. खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत पाण्यासाठी मोर्चा निघाला. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी चालता चालता गाणं जुळवत गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती ते म्हणत होती. मी ते कागदावर उतरवून घेतलं. एक ओळ जरा 'बरी दिसत नव्हती', ती मी बदलली. संस्थेचं गीतपुस्तक निघालं, त्यात ते घातलं. खाली लिहिलं 'समूहगीत'. पुढे दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेनं त्यावर चित्रफीत केली, ती मोबाइलवर फिरली, निधी मागायच्या कार्यक्रमात दाखवली गेली. मावशींनी ती मुलाच्या फोनवर पाहिली. मला म्हणाल्या, "माझंच ना गं हे? बरं गातात." तक्रार नव्हती. मीही हसून सोडून दिलं.

आणि मग शनिवारच्या वर्गात बिग मामा थॉर्नटनचे पाचशे डॉलर समोर आले. सगळा वर्ग हळहळला. मीही हळहळले असते, पण माझ्या डोळ्यांपुढे ते 'समूहगीत' आलं. शब्द बदलणारी मी, नाव न घालणारी मी. पाचशे सोडा, आम्ही मावशींना पुस्तकाची प्रतही दिली नव्हती.

बैठकीत हा विषय काढला तेव्हा दोन मतं पडली. ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "चळवळीचं गाणं सगळ्यांचं असतं. नावं घालायला लागलो की मीपणा येतो, उद्या मानधनावरून भांडणं होतील." या म्हणण्याला मी किंमत देते. गाणं तोंडोतोंडी फिरलं, बदललं, तरच ते जगतं. शिकागोच्या बायकांचं तत्त्वही असंच होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण मला एक विचारायचं आहे. आपल्या अहवालांवर, शोधनिबंधांवर, पत्रकांवर नावं कुणाची असतात? माझं असतं, डिग्रीसकट. संस्थेचं असतं, नोंदणी क्रमांकासकट. निनावी राहण्याचा त्याग नेमका मावशींच्याच वाट्याला का येतो? सगळ्याच निनावी राहणार असू तर मीही तयार आहे. शिकागोतही कागदावर पुढारी कुणी नव्हतं. एक बाई गेली आणि बँड बसला. जिचं योगदान आहे ते आहे म्हणून सांगण्यानं समता मोडत नाही. न सांगण्यानं मात्र ज्याच्या हातात छापखाना, त्याच्याकडे सगळं जातं.

आणि नाव घालूनही गाणं सगळ्यांचं राहू शकतं, याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी आपल्या सोबत्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. एक हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका. आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलं. २०१७ सालापासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या लोकांपुढे आणत आहे, नावांसकट. ओवी तर पिढ्यान् पिढ्यांची, कुणा एकीची नाहीच. तरीही गाणारीला नाव आहे. त्यामुळे कुठे मीपणा आला असं मला दिसलं नाही.

मी मावशींकडे गेले. सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "नाव घालून काय होतंय आता?" मी गप्प बसले. दोन भाकऱ्या झाल्यावर म्हणाल्या, "बरं, घाल. पण नुसतं माझं नाव घाल, पुढे कुणाचं लावू नको. आणि ती ओळ तू बदललीस ना, ती होती तशी कर." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. ओळ होती तशी आहे, खाली त्यांचं नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण त्यांनी मला परवानगी दिली ती गाण्याखाली लिहायची, माझ्या लेखात वापरायची नव्हे.

तर मैत्रिणींनो, माझ्या सूचना साध्या आहेत. एक, आपापल्या गीतपुस्तकांत गाणं कुणी केलं, कुठे, कोणत्या साली, कशासाठी, हे लिहू या. चाल सिनेमाची असेल तर तेही. करणारी माहीत नसेल तर शोधू या. म्हाताऱ्या कार्यकर्त्या आहेत तोवर हे होईल. दोन, ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत करायची तर गाणारीला आधी विचारू या, आणि पैसे आले तर तिचा वाटा ठरवू या. कायद्यानं लेखनाचा हक्क नोंदणीशिवायही लिहिणारीचाच असतो, आणि २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार, संगीतकार यांचा मोबदल्यातला वाटा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्क आणखी पक्के झाले. ही माहिती वस्तीपर्यंत नेणं हे आपलं काम आहे. तीन, मुलींना नुसती आपली गाणी शिकवू नका. वाद्यं द्या, सरावाला जागा द्या आणि रात्री घरी परतायची सोय करा.

त्या सोळा वर्षांच्या मुलीला मी रोझेटा थार्पचं जुनं चित्रण दाखवलं. १९६४ साली मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर, अंगात झकास कोट घालून, ती गिटार वाजवतेय. मुलीनं तीनदा पाहिलं. मग म्हणाली, "ही तर आपल्या आज्जीएवढी दिसते." आता तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना वाजवायला शिकायचं आहे. ढोल मिळाला आहे, तोही उसना. गिटार अजून नाही. मावशींचं पाण्याचं गाणं त्यांनी त्यांच्या चालीवर बसवायला घेतलंय. मावशींना ती चाल आवडलेली नाही, आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलंय. दर बुधवारी त्यावर वाद चालतो. मी मध्ये पडत नाही.

तुमच्याकडे अशी गाणी असतील. ती कळवा, आणि करणारीचं नाव तिला विचारून कळवा.